शेडमधली ही माशी उझीच आहे का? फोटो टाकलेत, बघून सांगा

तुतीवाला_अंबड

राम राम मंडळी. अंबड तालुक्यातून लिहितोय, जिल्हा जालना. एक एकर तुती आहे, सध्या रेशीम अळीच्या दोनशे अंडीपुंजांची बॅच चालू आहे, बायव्होल्टाइन जातीचा पांढरा कोष. अळ्या चौथी कात टाकून पाचव्या अवस्थेत आल्यात, आज तिसरा दिवस, पाला दाबून खातायत, म्हणजे एवढ्यातच काही झालं तर सगळा खर्च अंगावर येणार.

सकाळी फांद्या टाकताना जाळीवर आतल्या बाजूनं एक करडी माशी बसलेली दिसली, घरमाशीपेक्षा बरीच मोठी. रेशीम अळीच्या आत वाढून तिला मारते ती उझी माशी तर नाही ना, अशी भीती वाटतेय. फोटो १ तिचा, वरून काढलाय, थोडा हललाय. फोटो २ दुसऱ्या माशीचा, ती शेडच्या मागं मेलेल्या अळ्या टाकायचा खड्डा आहे तिथं सापडली, मेलेलीच होती, साइज साधारण तेवढीच. फोटो ३ एका अळीचा, अंगावर काळा डाग आहे. असे डाग एका रॅकवरच्या काही अळ्यांवर आहेत, बाकी रॅक स्वच्छ वाटतात. फोटो ४ दाराजवळच्या कोपऱ्यात विटांच्या फटीत सापडलेले तपकिरी काळपट दाणे, माशीचेच कोष असावेत असं वाटतंय पण खात्री नाही.

मोबाईलमधल्या अ‍ॅपला फोटो दाखवला तर ते युरोपातल्या कुठल्यातरी माशीचं नाव सांगतंय. कृषी केंद्रवाला म्हणतो माशीचं औषध फवारा. माझे प्रश्न दोन. ही उझीच आहे का दुसरी कुठली, आणि फोटोवरून हे नक्की सांगता येतं का? कारण मागच्या बॅचला शेजारच्या गावात एकानं पेब्रिन, म्हणजे अळ्यांचा संसर्गजन्य रोग, समजून सगळी बॅच जाळून टाकली, नंतर कळलं डाग उझीचे होते.

गेवराईकर

दादा सगळ्यात आधी एक काम करा, शेडमध्ये कुठलंही कीटकनाशक फवारू नका. जे माशीला मारतं ते अळीलाही मारतं, आणि रेशीम अळी इतकी नाजूक की शेजारच्या शेतात कापसावर फवारलं आणि वारा आपल्याकडं असला तरी बॅच जाते. कृषी केंद्रवाल्याला रेशमाचं माहीत नसतं, त्याचा राग नाही, पण त्याचं ऐकू नका.

दुसरं, दार आणि जाळी आत्ताच तपासा. माशी आतल्या बाजूला बसली होती म्हणताय ना, म्हणजे ती कुठून तरी आत आली किंवा आतच निघाली. फोटो ४ मधले दाणे बघून मला दुसरी शक्यता जास्त वाटते. फटी बुजवा, सगळे दाणे झाडून डब्यात गोळा करा, फेकू नका, जमिनीवर तर मुळीच नाही.

माझ्या नजरेला फोटो १ उझी वाटते. पण नाव कन्फर्म करायला इथे द्विपंखी ताई आहेत, त्या माश्यांवरच काम करतात, त्यांना टॅग करतो.

द्विपंखी

धन्यवाद गेवराईकर. तुतीवाला दादा, फोटो चांगले टाकलेत, विशेषतः डागाचा आणि दाण्यांचा फोटो टाकलात हे फार बरं केलं कारण बहुतेक लोक फक्त माशीचा फोटो टाकतात आणि विचारतात ही कोण. माशी एकटी बघून जे सांगता येतं ते फारच थोडं असतं.

आधी फोटो २ कडे वळू, ती सोपी आहे. ती उझी नाही. छातीच्या पाठीवर तीन काळे पट्टे स्पष्ट दिसतायत, पोटावर बुद्धिबळाच्या पटासारखे काळे-राखाडी चौकोन, डोळे विटकरी लाल आणि पोटाचं टोक लालसर. ही मांसमाशी, सार्कोफॅगिडी कुटुंबातली. त्या कुटुंबातल्या काही माश्या परजीवी आहेत हे खरं, पण खड्ड्यावर घोंघावणाऱ्या या बहुतेक सडक्यावर जगणाऱ्या, अंडी न घालता थेट छोट्या अळ्या टाकणाऱ्या. मेलेल्या रेशीम अळ्यांच्या वासावर येतात. तिनं तुमच्या जिवंत अळ्या मारल्या नाहीत. तरी खड्डा उघडा ठेवू नका, चुना टाकून झाका, तो रोगाच्या दृष्टीनंही धोका आहे.

आता फोटो १. तुमच्या अंदाजाप्रमाणे ही घरमाशीच्या दीडपट तरी आहे. उझी साधारण १० ते १२ मिलिमीटर असते, नर मादीपेक्षा थोडा लांब. घरमाशी ६-७ मिलिमीटर. छातीवर चार उभे काळे पट्टे दिसतायत, पोट मागं निमुळतं होत गेलंय, पोटाचा पहिला भाग काळा आणि पुढचे राखाडी-पिवळसर. हे सगळं उझीला जुळतं. पण सावध, चार पट्टे घरमाशीच्या पाठीवरही असतात. म्हणून पट्टे मोजून निकाल देऊ नका, ते फक्त मांसमाशी बाजूला काढायला उपयोगी.

उझी ज्या कुटुंबात येते ते टॅकिनिडी. जगात या कुटुंबाच्या साडेआठ हजारांवर प्रजातींची नोंद आहे आणि झाडून सगळ्या परजीवी, बहुतेक दुसऱ्या कीटकांच्या आत वाढणाऱ्या. हे कुटुंब फोटोवरून ओळखायची एक पक्की खूण आहे, पण ती वरून काढलेल्या फोटोत दिसत नाही. छातीच्या पाठीवर शेवटी एक त्रिकोणी ढालीसारखा तुकडा असतो, स्क्युटेलम. त्याच्या बरोबर खाली, बाजूनं पाहिलं तर, टॅकिनिड माशीत आणखी एक फुगीर उंचवटा असतो, सबस्क्युटेलम. मांसमाशीत, निळ्या-हिरव्या चकचकीत माशीत किंवा घरमाशीत तो असा फुगलेला नसतो. तो दिसला की कुटुंब नक्की.

बाकीच्या खुणा आधाराला. पोटावर राठ, उभे केस, विशेषतः मागच्या अर्ध्या भागात. डोक्यासमोरच्या मिशीवर जो बारीक केस असतो, अरिस्टा, तो उझीत नुसता उघडा, पिसासारखे फाटे नाहीत. घरमाशीत त्याला दोन्ही बाजूंनी फाटे असतात, मांसमाशीत बुडापासून अर्ध्यापर्यंत किंवा थोडे जास्त. पंखातली मधली शीर टोकाकडं जाताना वर वळते, पण ती घरमाशीतही वळते त्यामुळं तिच्यावर भिस्त ठेवू नका.

म्हणून माझं आजचं उत्तर असं, फोटो १ टॅकिनिड असण्याची दाट शक्यता, आणि रेशीम शेडमध्ये सापडलेली आहे म्हणून उझी असण्याची दाट शक्यता. यापुढं जायचं असेल तर माशीपेक्षा अळी बघा. माशी कुठूनही उडत येऊन जाळीवर बसू शकते. तुमच्या अळीतून काय बाहेर पडतं ते मात्र कुठूनही आलेलं नसतं.

फोटो ३ च्या डागाबद्दल वेगळं लिहिते, तो विषय महत्त्वाचा आहे, आधी एक विचारायचंय. डाग असलेल्या अळ्यांवर एकेकच डाग आहे का, की अंगभर बारीक ठिपके आहेत? आणि डाग नसलेल्या शेजारच्या अळ्यांवर पांढरे ठिपके दिसतात का, नीट बघा, उजेडात, शक्य असेल तर भिंग घेऊन.

मॅक्रोवाला

मी रेशीमवाला नाही, पुण्यात किड्यांचे फोटो काढतो, पण फोटोच्या बाबतीत मदत करू शकतो. तुतीवाला दादा, जिवंत माशी पकडली तर तिला झाकणाच्या पारदर्शक डबीत घालून फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नको, खाली. दहाएक मिनिटांत ती सुस्त होते, मरत नाही, आणि मग दोन-तीन मिनिटं निवांत फोटो काढता येतात. मोबाईलला चिमट्यानं लावायची मॅक्रो लेन्स मिळते, ती नसेल तर साधं भिंग कॅमेऱ्यासमोर धरा, चालतं. फ्लॅश नको, खिडकीच्या उजेडात पांढऱ्या कागदावर. फ्लॅशनं पाठीवरची राखाडी पावडर चमकते आणि पट्टे गायब होतात.

चार फोटो हवेत. वरून पूर्ण, अगदी बाजूनं म्हणजे ताई म्हणतायत तो उंचवटा दिसेल असा, समोरून तोंड आणि मिशी, आणि एक पंख पसरलेला. जवळ आलेखाच्या कागदाचा तुकडा ठेवा म्हणजे साइज भांडणाशिवाय ठरतो. नाण्यापेक्षा आलेख बरा, त्याच्यावर मिलिमीटर असतात. फोकस डोळ्यावर न करता छातीच्या मागच्या टोकावर करा, सगळे डोळ्यावर करतात आणि कामाचा भाग धूसर राहतो. आणि फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरवून टाकू नका, दाबून बारीक होतात, केस दिसेनासे होतात. थेट अपलोड करा.

तुतीवाला_अंबड

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, तुम्ही विचारलंत तसं बघितलं. मुलीनं शाळेच्या प्रयोगपेटीतलं भिंग काढून दिलं आणि ती पण बघायला बसली, तिचीच नजर जास्त बारीक. डाग बहुतेक अळ्यांवर एकच, काहींवर दोन, अंगभर ठिपके कुणावरच नाहीत. डाग दोन वळ्यांच्या मधल्या खाचेत किंवा खाचेजवळ आहेत. आणि त्याच रॅकवरच्या तीन अळ्यांवर पांढरे, किंचित लांबट, पक्के चिकटलेले दाणे दिसले, बोटानं निघत नाहीत. फोटो ५ आणि ६.

अळ्यांचा आकार सगळ्यांचा सारखाच आहे, मागं राहिलेल्या नाहीत.

दुसरी माशी पकडली खिडकीपाशी, फ्रिजमध्ये ठेवून फोटो काढले, ७ ते १०. बाजूचा फोटो नववा. बायकोला फ्रिजमध्ये माशी ठेवायची म्हणून समजावून सांगावं लागलं पण ठेवू दिलं तिनं.

द्विपंखी

दादा, फोटो ५ पाहिला आणि खरं सांगते, आता माशीचे फोटो बघायच्या आधीच उत्तर मिळालं. ते उझीचं अंडं आहे. मलईसारखं पांढरं, लांबट, साधारण अर्धा मिलिमीटर, अळीच्या कातडीला घट्ट चिकटलेलं, आणि खाचेजवळ, मादीला तीच जागा आवडते. रेशीम अळीवर असं अंडं चिकटवून जाणारी दुसरी कुणी तुमच्या शेडमध्ये यायची शक्यता मला दिसत नाही. मुलीला माझ्यातर्फे शाबासकी द्या, हे अंडं शोधणं सोपं नाही, पांढऱ्या अळीवर पांढरं.

आता डाग आणि पेब्रिनचं. तुमच्या शेजारच्या गावात जे झालं ते वाचून वाईट वाटलं, आणि असं होतं. पेब्रिनमध्ये अळीच्या अंगावर मिरपूड टाकल्यासारखे पुष्कळ बारीक काळे ठिपके येतात, सोबत अळ्या लहान-मोठ्या होतात, कात उशिरा टाकतात, खाणं कमी होतं. तरीही ठिपक्यांवरून पेब्रिन म्हणायचं नसतं, सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणू दिसले तरच पेब्रिन. उझीचा डाग एक किंवा दोन, मोठा, आणि त्याला कारण आहे. अंडं दोन-तीन दिवसांत फुटतं, आतली अळी थेट कातडी फोडून आत घुसते, पण आत गेल्यावर तिला श्वास लागतो. ती शेपटीकडचं टोक त्या भोकाशीच ठेवते आणि बाहेरची हवा घेते. रेशीम अळीचं शरीर त्या जखमेभोवती काळा थर चढवतं आणि माशीची अळी त्याच थराचा श्वासनळीसारखा उपयोग करते. म्हणून डाग गडद आणि जागेवर पक्का. फांदी टोचून झालेली जखमही काळी पडते, पण तिला कडा वेड्यावाकड्या आणि तिच्याजवळ अंड्याचं रिकामं कवच नसतं. तुमच्या फोटो ६ मध्ये डागाच्या अगदी शेजारी पांढरं पापुद्र्यासारखं काहीतरी आहे, तेच कवच.

मग माशी. फोटो ९ सुंदर आलाय, मॅक्रोवाला यांचं पण कौतुक. स्क्युटेलमखालचा फुगवटा स्वच्छ दिसतोय. अरिस्टा उघडी. पोटावर राठ केस. टॅकिनिडी पक्कं, एक्झोरिस्टा वंशाला सगळं जुळतंय, आणि यजमान, म्हणजे ज्याच्या आत माशी वाढते तो कीटक, रेशीम अळी आणि तिच्यावर चिकटवलेलं मोठं अंडं म्हटल्यावर एक्झोरिस्टा बॉम्बिसिस, म्हणजे आपली उझी. तुमच्या बॅचचे निर्णय घ्यायला ही ओळख पुरेशी आहे, थांबू नका.

रानवाटा

ताई एक शंका. मी हौशी माणूस, फुलपाखरांच्या अळ्या पाळतो, त्यांच्यातूनही अशा माश्या निघतात. रुईवर मिळणाऱ्या प्लेन टायगरच्या अळ्यांमधून तर कितीदा. पण मी नेटवर उझी शोधली तर काही फोटोंखाली एक्झोरिस्टा सॉर्बिलन्स लिहिलेलं, काहींखाली बॉम्बिसिस. माशी तीच दिसते. कुठलं बरोबर? आणि प्लेन टायगरमधून निघालेल्या माशीला पण फोटोवरून नाव देता येईल का?

द्विपंखी

चांगला प्रश्न, आणि इथंच फोटोची हद्द संपते. आपल्याकडच्या उझीला बरीच वर्षं सॉर्बिलन्स म्हणत, जुन्या रेशीम पुस्तिकांमध्ये आणि लेखांमध्ये तेच सापडेल. आता बॉम्बिसिस म्हणतात. एकाच वंशातल्या दोन जवळच्या प्रजाती वेगळ्या करायच्या तर नराच्या पोटाच्या टोकातले प्रजनन अवयव सूक्ष्मदर्शकाखाली बघावे लागतात, आणि पाठीवरच्या केसांची मांडणी मोजावी लागते. मोबाईलचा फोटो कितीही चांगला आला तरी ते त्यात नाही. म्हणून नेटवरच्या फोटोखालचं नाव बघून आपल्या फोटोला नाव चिकटवू नका, ते नाव कुणी कशावरून दिलं ते माहीत नसतं. अ‍ॅपचंही तसंच, युरोप-अमेरिकेतून पुष्कळ फोटो जातात म्हणून तिथली नावं येतात, भारतातल्या टॅकिनिड माश्यांचे नाव पक्कं केलेले फोटो फार कमी.

प्लेन टायगरमधून येणाऱ्यांत स्टर्मिया कन्व्हर्जन्स ही एक नोंदलेली प्रजात आहे, पण नुसत्या फोटोवरून तिचं नाव लिहू नका. तुम्ही खरं मोलाचं काम करू शकता ते असं, ज्या अळीतून निघाली त्या अळीची जात, झाड, गाव, तारीख, अळी कुठल्या अवस्थेत होती, माशीची अळी फुलपाखराच्या अळीतून निघाली की कोषातून, आणि माशी निघाल्यावर एक-दोन दिवस थांबून तिचे केस आणि रंग पक्के झाल्यावर फोटो. ताज्या निघालेल्या माशीचा रंग फिका असतो आणि पंख चुरगळलेले, तिच्यावरून भलतंच नाव पडतं. शिवाय माशीचा रिकामा कोषही जपून ठेवा. कागदाच्या पुडीत, माशीसोबत, एकाच चिठ्ठीखाली. अभ्यासकाला त्या रिकाम्या कोषातून फार काही कळतं.

आता यावरूनच तुतीवाला दादांचा फोटो ४, तो मी मुद्दाम मागं ठेवला होता. कोष तपकिरी-काळपट, गोल टोकांचे, भेगेत लपलेले. मागच्या टोकाला दोन श्वासरंध्रं असतात. मांसमाशीच्या कोषात ती खोल खळग्यात लपलेली असतात, टॅकिनिडच्या कोषात उघडी, टोकावर. तुमच्या फोटोत डावीकडून दुसऱ्या दाण्यावर ती उघडी दिसतात. म्हणजे उझीचेच कोष आणि मागच्या बॅचमधले. काहींची टोपी गोल उडालीय, त्यातून माशी निघून गेली. पण एक दाणा बघा, उजवीकडचा शेवटचा, त्याची टोपी शाबूत आहे आणि कुशीला एक टाचणीएवढं गोल भोक आहे. त्यातून माशी नाही, एक बारीक गांधीलमाशीसारखी कीड निघाली. तिच्याबद्दल गेवराईकर जास्त सांगतील.

गेवराईकर

ती नेसोलिंक्स थायमस असावी दादा, उझीची वैरी. काळपट, दीड-दोन मिलिमीटरची, चिलटासारखी दिसते, उझीच्या कोषात अंडी घालते आणि एका कोषातून पुष्कळ निघतात. रेशीम कार्यालयात चौकशी करा, तिची पाकिटं मिळतात, म्हैसूरच्या केंद्रीय रेशीम संशोधन व प्रशिक्षण संस्थेनं हे तंत्र बसवलेलं आहे. पाचव्या अवस्थेत शेडमध्ये रॅकच्या बाजूला टांगायची आणि कोष काढून झाल्यावर तीच पाकिटं खताच्या खड्ड्यापाशी न्यायची. चिलटं दिसली म्हणून मारू नका, लई लोक मारतात, आणि आपल्याच मदतनीसाला मारून बसतात.

आता बॅच वाचवायचं बघू. तुमचा पाचव्या अवस्थेचा तिसरा दिवस आहे. ज्या अळ्यांवर डाग आहे त्या आता वाचणार नाहीत, त्यांना वेगळ्या ट्रेमध्ये काढा, जाळीनं झाका. चौथ्या अवस्थेत अंडं पडलेली अळी कोष करायच्या आधीच मरते. पाचवीच्या शेवटी अंडं पडलं तर ती कोष विणते पण आतून माशीची अळी कोषाला भोक पाडून बाहेर येते, आणि भोकाचा कोष रीलिंगला, म्हणजे धागा काढायला, चालत नाही, धागा तुटतो, बाजारात काढून टाकतात.

अंडी दिसतायत पण डाग नाही अशा अळ्यांसाठी उझीसाइड आहे, १ टक्का बेंझोइक अ‍ॅसिडचं, तेही म्हैसूरवाल्यांचंच. अंड्याचं कवच खराब करतं, अळीला त्रास नाही. फवारल्यावर अळ्या कोरड्या झाल्या की मगच पाला, आणि दिवसाआड, नेमकं कुठल्या दिवशी ते बाटलीवर लिहिलेलं असतं तसंच करा. बाकी उझी ट्रॅपच्या गोळ्या येतात, लिटरभर पाण्यात एक, पांढऱ्या पसरट ट्रेमध्ये खिडकीच्या उंचीवर आत आणि बाहेर दोन्हीकडं ठेवायच्या. माशी त्यात येऊन पडते. ट्रेमध्ये पडलेल्या पण रोज बघा, मांसमाश्या पण पडतात, आता तुम्हाला फरक ओळखता येईल.

चंद्रिकांवर, म्हणजे कोष विणायच्या चौकटींवर, अळ्या सोडल्यावर खाली प्लास्टिक अंथरा. माशीच्या अळ्या कोषातून निघाल्या की खाली पडतात आणि काही तासांत अंधाऱ्या फटीत जाऊन कोष करतात, मातीचा शेड असेल तर मातीत. प्लास्टिकवर पडलेल्या रोज झाडून साबणाच्या पाण्यात टाका.

आरमोरी_टसर

विदर्भातून लिहितोय. आमच्याकडं टसर, ऐन-अर्जुनाच्या झाडावर उघड्यावर संगोपन, त्यामुळं जाळी वगैरे प्रश्नच नाही. आमच्या अळ्यांवर जी उझी येते ती वेगळी, ब्लेफारिपा झेबिना. इकडचे लोक दोन्हीला उझीच म्हणतात, म्हणून कुणी टसरवाल्यानं इथे फोटो टाकला तर आधी यजमान विचारा. आम्हाला झाडाखाली पडलेल्या अळीतूनच काय निघतं ते बघावं लागतं, माशी झाडावर हाताला लागत नाही. द्विपंखी ताई, झेबिनाचे कोष मी जपून ठेवलेत, चिठ्ठीसकट, पाठवू का?

द्विपंखी

नक्की पाठवा, मेसेज करते. कुरियर करताना कापसात नको, केस अडकून तुटतात, टिश्यू कागदात ठेवा आणि डबी कडक असू द्या.

तुतीवाला_अंबड

डाग असलेल्या अळ्या वेगळ्या केल्या. जाळीला खालच्या कडेला एका ठिकाणी फट सापडली, बंद केली. रेशीम कार्यालयात फोन केला, ते म्हणाले पाकिटं आणि उझीसाइड दोन्ही मिळेल, उद्या माणूस पाठवतायत. अंडी फक्त त्या एकाच रॅकवर जास्त आहेत, जाळीच्या फटीजवळचा तोच रॅक.

आणखी एक विचारायचं होतं. आमच्या गावात बऱ्याच घरांच्या बॅचा आहेत, सगळ्यांच्या वेगवेगळ्या तारखांना. एकाची संपली की दुसऱ्याची पाचवी चालू असते. मी माझं शेड कितीही बंद ठेवलं तरी माशी शेजारून येत राहणार ना? मग पुढची बॅच लगेच घेऊ का थांबू?

द्विपंखी

येत राहणार, हो. म्हणूनच कर्नाटकात १९८० मध्ये बंगालकडून बियाण्याच्या कोषांबरोबर ही माशी आली आणि मग राज्यभर पसरली, कारण तिथंही वर्षभर कुठं ना कुठं पाचवी अवस्था चालूच होती. तिला उपाशी ठेवणं जमलं नाही. अंड्यापासून माशी व्हायला साधारण तीन आठवडे लागतात, त्यातले दहा-बारा दिवस ती कोषात असते. तुमच्या गावात बॅचा एकाच सुमाराला घ्यायचं ठरवता आलं आणि मध्ये सगळ्यांची शेडं रिकामी, झाडलेली, फटी बुजवलेली राहिली तर त्या कोषांतून निघणाऱ्या माश्यांना अंडी घालायला अळीच मिळणार नाही. एकट्यानं थांबून तेवढा फायदा नाही.

एक करा. गावच्या ग्रुपवर हे तुमचे फोटो टाका, ५, ६ आणि ९. खाली लिहा की पांढरं अंडं दिसलं तर त्याच दिवशी कळवा. कुणाकडून फोटो आला आणि शंका वाटली तर इथे टाका, मी बघते.

गेवराईकर

आणि दादा कोष विकायला नेताना गोणीत माशीच्या अळ्या जात नाहीत ना बघा, जालन्याच्या बाजारात चारी दिशांचा माल येतो, तिथं निघालेली माशी दुसऱ्याच्या गावाला जाते. पोती झटकायची ती घरी, प्लास्टिकवर, निघायच्या आधी.

तुतीवाला_अंबड

करतो. ग्रुपवर फोटो टाकले, दोघांनी लगेच विचारलं हे अंडं कुठं बघायचं. उद्या सकाळी त्यांच्या शेडवर मुलीला आणि भिंगाला घेऊन जातोय.